शेवटचा धोबी कधी दिसला? परतीच्या स्थलांतरात पक्षी पाहू लागलेल्या नवख्यांसाठी

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला मी पहिल्यांदा गेलो तो एप्रिलमधला तिसरा रविवार होता. पुण्याहून आरामात नाष्टा करून निघालो, साडेनऊला कुंभारगावात पोचलो, नाव ठरवली. तासभर पाण्यावर ऊन खात फिरलो. पट्टकादंब हंस पाहायचे होते. नाववाल्या दादांनी वल्हं थांबवून शांतपणे सांगितलं, "सर, पाहुणं गेलं की गावाला. पंधरा-वीस दिस झाले."

पुढची सहा-सात वर्षं मी याच एका गोष्टीच्या मागे आहे: पाहुणे जातात कधी? हिवाळी पक्षी आले की बातम्या येतात, फोटो फिरतात. ते परत जातात तेव्हा मात्र कोणाचंच लक्ष नसतं. खरं तर नवशिक्याने सुरुवात करावी ती याच दिवसांत. पाणी आटलेलं असतं, पक्षी उरलेल्या पाण्याभोवती एकवटतात, आणि बरेच नर विणीच्या ऐन रंगात आलेले असतात. मी केलेल्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. आधी पंचांग लावा

महाशिवरात्र ते अक्षय्य तृतीया हा आपला हंगाम. म्हणजे साधारण फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलअखेर.

सगळे एकदम निघत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. तलवार बदकं आणि पट्टकादंब लवकर आवरतात. मार्च संपेपर्यंत बहुतेक गेलेले असतात. शेपूट थरथरवणारा छोटा थिरथिरा आणि गवताळ माळावरचे शिकारी भोवत्ये मार्च-एप्रिलच्या सांध्यावर दिसेनासे होतात. भोरड्या, म्हणजेच पळस मैना, एप्रिलच्या मध्यापर्यंत रेंगाळतात. शेपूट नाचवणारे धोबी, झुडपांतले चिमुकले वटवटे आणि भुवई बदकं मागे राहतात. पाणकाठचा तुतवार तर मे महिन्यातही एखाद्या दगडावर शेपूट हलवत एकटा सापडतो.

त्यांना निघायला लावतो तो दिवसाचा वाढता उजेड. ऊन तापलं म्हणून ते जातात हा आपला समज. पण उन्हाळा जाणवायच्या आधीपासून त्यांच्या शरीरात तयारी सुरू झालेली असते. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते, संध्याकाळी थवे अस्वस्थ होतात, उगाच उठतात, घिरट्या घालून परत बसतात. बरेच छोटे पक्षी आणि चिखलातले बहुतेक पक्षी रात्री निघतात. काल संध्याकाळी भरलेला काठ आज सकाळी रिकामा दिसतो, त्याचं कारण हे.

आणखी एक. शरदात दिसलेला प्रत्येक पक्षी वसंतात परत दिसेल असं नाही. काश्मिरी नीलपंख सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडून जातो, पण परतताना तो दुसरी वाट धरतो. त्याच्यासाठी मार्चमध्ये माळ तुडवू नका.

२. एकच पाणवठा धरा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर रविवारी नवी जागा. फोटो मिळतात, पण कळत काही नाही. एक जागा निवडा, घरापासून अर्ध्या-पाऊण तासावरची, आणि दर आठवड्याला तिथेच जा.

माझी जागा कवडीपाट. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. जागा देखणी वगैरे नाही. पुण्याचं सांडपाणी इथून वाहतं, फेस येतो, जलपर्णी साचते, वास मारतो. पण त्याच पाण्यात किडे-अळ्या भरपूर, म्हणून चक्रवाक, थापट्या, तीन-चार जातींचे धोबी, शेकाटे, तुतवार हाकेच्या अंतरावर. घाणीत पक्षी जास्त दिसतात हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

तुमच्याकडे नदी नसेल तर गावतळं चालेल, पाझर तलाव चालेल, सोसायटीमागचा डबकेवजा ओढाही चालेल. नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर आहे, संभाजीनगर-पैठणकडच्यांना नाथसागर, नागपूरकरांना गोरेवाडा, गोव्यात करमळीचं तळं. मात्र जवळची जागा नेहमी वरचढ. कारण शेवटी मोजायच्या आहेत फेऱ्या.

पाणी अजिबातच नसेल तर पळस, पांगारा किंवा काटेसावर फुललेलं एक झाड शोधा आणि सकाळी सातला त्याच्याखाली उभे राहा. मधासाठी भोरड्यांची जी झुंबड उडते, ती पाहिल्यावर पळस मैना हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. हे पक्षी विणीसाठी मध्य आशियाकडे जातात. ऑगस्टमध्ये येतात तेव्हा मळकट, आणि मार्चमध्ये पाहाल तर गुलाबी अंग, काळं चकचकीत डोकं आणि मागे शेंडी.

३. दुर्बीण: घेण्याआधी लावायला शिका

८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजे उजेड किती आत येईल ते. १० बाय ४२ सुद्धा चांगली, पण हात थरथरतात त्यांना आठचीच सुखावह. "वीस पट", "पन्नास पट झूम" अशा जाहिरातीच्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नका. मी घेतली होती. तिच्यातून बदक मोठं दिसायचं, पण ते सतत नाचायचं आणि त्याच्याभोवती जांभळी कड असायची. सध्या ती आमच्या भाच्याकडे खेळायला आहे.

आता जे दुकानदार सांगत नाही ते. बहुतेक दुर्बिणींच्या उजव्या डोळ्यापाशी एक फिरणारं कडं असतं. उजवं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा, लांबची पाटी किंवा फांदी मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि तीच वस्तू फक्त त्या उजव्या कड्याने स्पष्ट करा. मधल्या चाकाला या वेळी हात लावायचा नाही. कडं कुठल्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा. त्यानंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. हे न करता लोक वर्षभर "दुर्बिणीने डोकं दुखतं" म्हणत राहतात.

चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबून घ्या. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलू न देता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आधी दुर्बीण लावून मग शोधायला गेलात की नुसतं आभाळ दिसतं.

४. पिशवीत काय हवं

- दुर्बीण, तिचा पट्टा गळ्यात (नावेत वाकलात की कळेल का ते)
- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. बॉलपेन दवाने ओल्या कागदावर चालत नाही
- फोन, पूर्ण चार्ज. ई-बर्ड (नोंदींसाठी) आणि मर्लिन (पक्षी ओळखण्यासाठी) ही दोन्ही अ‍ॅप घरूनच उतरवून घेतलेली
- भारतीय पक्ष्यांचं चित्रांचं एखादं पुस्तक, फोटोंपेक्षा रेखाटनांचं असेल तर उत्तम
- आधार किंवा कुठलंही सरकारी ओळखपत्र. अभयारण्याच्या फाटकावर नोंदवहीत लिहावं लागतं, झेरॉक्स जवळ असली तर बरं
- सुटे पैसे. नाव, पार्किंग, प्रवेश फी, सगळीकडे फोनला रेंज असेलच असं नाही
- पाणी, टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे आणि भिजले तरी चालतील असे बूट

कॅमेरा मुद्दाम लिहिलेला नाही. पहिला हंगाम कॅमेऱ्याशिवाय काढा. फोटो आला की आपण पक्ष्याकडे पाहणं थांबवतो आणि स्क्रीनकडे पाहू लागतो.

सूर्य उगवायच्या वेळी काठावर असायचं. साडेनऊनंतर पाण्यावर ऊन हलू लागतं आणि लांबचं सगळं मृगजळासारखं थरथरतं. माझा पहिला रविवार वाया गेला त्यात याचाही वाटा होता.

५. घरचे कोण, पाहुणे कोण

पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त घरचे पक्षी पाठ करा. टिटवी, वंचक, पाणकावळा, चित्रबलाक, खंड्या हे बारमाही. बदकांतसुद्धा चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके असलेलं हळदी-कुंकू बदक इथलंच. ते मे महिन्यात दिसलं म्हणून उडी मारायची नाही.

मी मारली होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात धोबी दिसला म्हणून मोठ्या अभिमानाने "पांढरा धोबी, अत्यंत उशिराची नोंद" असं ई-बर्डवर चढवलं. नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा अगदी नम्र निरोप आला: पाठ काळी होती की करडी? पाठ काळी होती. डोकंही काळं, त्यावर पांढरी भुवई. म्हणजे तो आपला बारमाही, थोराड कवडा धोबी. पाहुणा पांढरा धोबी शिडशिडीत असतो, पाठ करडी आणि चेहरा पांढरा.

अशा आणखी दोन जागा जिथे पाय घसरतो. पाण्यावर घारीसारखं काही खालून तरंगत गेलं आणि पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले असतील तर तो दलदली भोवत्या. घारीचे पंख सपाट आणि शेपटीला खाच. दुसरी जागा भिंगऱ्यांची. तारेवर रांगेने बसलेल्या सगळ्याच पाहुण्या नसतात. डोक्यावर तांबडी टोपी आणि गळ्याखाली स्वच्छ पांढरं असेल ती तारवाली भिंगरी, इथलीच. गळा तांबडा आणि त्याखाली गडद पट्टा असेल ती माळभिंगरी, ती जाणारी.

६. रंग बदलताना पकडा

या हंगामाची खरी मौज इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे गल पक्षी, जानेवारीत पाहाल तर नाव चुकलंय असं वाटेल. डोकं पांढरं, कानामागे फक्त एक काळा डाग. फेब्रुवारीअखेर त्या पांढऱ्यात तपकिरी शिंतोडे दिसू लागतात आणि मार्चमध्ये पूर्ण चॉकलेटी बुरखा. एकाच थव्यात डागवाले, शिंतोडेवाले आणि बुरखेवाले असे तिन्ही असतात. नवखे त्यांची तीन नावं लिहितात.

काळ्या शेपटीचा पाणटिवळा हिवाळाभर राखाडी कागदासारखा असतो, पण निघण्याआधी मानेवर विटकरी रंग चढतो. चिमुकला टिलवाही तांबूस होतो. पिवळ्या धोब्यांचं तर विचारूच नका: हिवाळ्यात सगळे सारखे मळके, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोणाचं डोकं निळसर करडं तर कोणाचं काळंभोर, कारण ते वेगवेगळ्या मुलुखांतले. आणि काठच्या गवतात दबकत फिरणारा शंकर पक्षी. नराच्या गळ्याचा निळा रंग या दिवसांत असा काही उजळतो की नाव कोणी ठेवलं असेल त्याला दाद द्यावी.

वहीत दर वेळी नुसतं नाव लिहू नका. "कुरव १४, पैकी बुरखा पूर्ण ५" असं लिहा. तीन आठवड्यांनी वाचाल तेव्हा पाहुण्यांचं आवरणं तुम्हाला आकड्यांत दिसेल.

७. नोंद कशी करायची

ई-बर्ड हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेलं, फुकट चालणारं नोंदस्थान. भारतातल्या नोंदींचं काम बर्ड काउंट इंडिया हा पक्षीसंस्थांचा गट पाहतो. खातं उघडायला फक्त ईमेल लागतो.

घरून निघण्याआधी तुमच्या भागाची पक्षीयादी फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी काम होतं. काठावर पोचल्यावर नवी यादी सुरू करा. चाललेलं अंतर आणि लागलेला वेळ अ‍ॅप स्वतः मोजतं. पक्षी दिसेल तसा आकडा घाला. हजारोंचा थवा असेल तर दहा पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते पाहा, तेवढे तुकडे मोजा आणि गुणा. अंदाज चालतो. अगदीच जमेना तर आकड्याच्या जागी एक्स लिहिता येतो, पण त्याची सवय लावून घेऊ नका.

शेवटी अ‍ॅप विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले आहेत का. कावळा, साळुंकी, कबूतर सगळं लिहिलं असेल तरच "हो" म्हणा. या एका "हो"मध्ये सगळी गंमत आहे. यादी पूर्ण असेल तर तीत नसलेला पक्षीही नोंद ठरतो: या दिवशी, या जागी, इतका वेळ पाहूनही थिरथिरा सापडला नाही. फक्त विशेष पक्षी लिहिणाऱ्यांच्या यादीतून हे कधीच कळत नाही.

मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवतं. सुचवतं, हे लक्षात असू द्या. पाहिल्याशिवाय किंवा स्वतःच्या कानाची खात्री पटल्याशिवाय ते नाव यादीत घालू नका. आणि घराच्या गच्चीवरून नोंद करत असाल तर जागेला स्वतःचं नाव, फ्लॅट नंबर देऊ नका.

८. एक मोठी सहल: कुठे, कधी

भिगवण पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटर. उजनी धरणाचा फुगवटा इथपर्यंत येतो. मार्चपासून पाणी उतरू लागतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात चोची उलट्या घालून चरताना दिसतात. पाणी फारच उतरलं तर पळसदेवचं बुडालेलं देऊळही वर येतं; ते पाहायला वेगळी गर्दी असते. पट्टकादंब हवे असतील तर महाशिवरात्रीच्या मागेपुढेच जा, एप्रिलची वाट पाहू नका. तिबेट, लडाख, मंगोलियाकडे ये-जा करताना त्यांनी ७,००० मीटरहून जास्त उंची गाठल्याची उपकरणांनी नोंद झाली आहे. आदल्या दिवशी नाववाल्याला फोन करून पहाटेची वेळ ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, भाडं चढण्याआधी ठरवा.

मुंबई-ठाण्याच्या लोकांनी घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहावी. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीहून वन विभागाची बोट असते, तिच्या वेळा भरतीवर ठरतात. शिवडीच्या बाजूला पूर्ण भरतीला चिखलच नसतो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी क्षितिजावर गुलाबी रेघ होऊन बसतात. मधली वेळ साधायची. भरतीचा ढोबळ हिशोब कोकणात तोंडी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अक्षी-नागावच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनाही हाच हिशोब. भरती चढत असताना पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागा धरून बसा. रोहित मेअखेरपर्यंत असतात, त्यामुळे उशीर झालेल्यांची सोय इथे होते.

९. हे करू नका

"दादा, थवा उठवा ना जरा, फोटो हवाय." हे वाक्य नावेत ऐकू आलं तर बोला, गप्प बसू नका. त्या थव्याने आठवडाभर खाऊन साठवलेली चरबी हे त्याचं हिमालयापर्यंतचं इंधन आहे. आपण एका फोटोसाठी ते जाळायला लावतो. नाववाल्यांनाही हे पटतं, फक्त गिऱ्हाइकाने पैसे धरून मागितलं की त्यांना नाही म्हणता येत नाही. नाव ठरवतानाच "लांबूनच पाहू" असं सांगितलं की प्रश्न मिटतो.

फोनवरून आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. अभयारण्यात ड्रोन आणू नका. आणि मार्चनंतर उघड्या वाळूत, खडीत चालताना पायाखाली पाहा. टिटवीसारखे घरचे पक्षी याच दिवसांत जमिनीवर अंडी घालू लागतात, आणि ती अंडी खड्यांपेक्षा वेगळी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत असेल तर आल्या पावली मागे फिरा.

१०. रिकामी फेरीही करा

बहुतेक जण इथेच सोडतात. दोन आठवडे काही दिसलं नाही की "संपला हंगाम" म्हणून दुर्बीण कपाटात.

पक्षी पहिल्यांदा दिसला ते त्या क्षणी कळतं. शेवटचा दिसला ते मात्र त्या दिवशी कळूच शकत नाही. तो नसताना तुम्ही पुन्हा गेलात तरच कळतं. म्हणून एखादा पाहुणा दिसेनासा झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळी आणखी दोन फेऱ्या करायच्या, पूर्ण यादी करायची, आणि मग मागे जाऊन वहीत त्याच्या शेवटच्या तारखेभोवती गोल करायचा. गोल पेन्सिलीने करा. गेल्या हंगामात मी चक्रवाकांचा गोल दोनदा खोडला. जोडी पलीकडच्या उसाच्या कडेला जाऊन बसली होती, आणि मी बंधाऱ्यावरूनच बघून घरी येत होतो.

माझ्या वहीच्या त्या पानावर आता दहा नावं आहेत, आठांभोवती गोल. भुवई बदक आणि तुतवार अजून मोकळे आहेत. रविवारी पहाटे कवडीपाटला यायचं असेल तर बंधाऱ्याच्या अलीकडे गाडी लावा, पुढे चिखल आहे.